ऊन पडतं, त्याचं जमीन काय करते?

मागच्या अंकात बाष्पीभवन पात्राबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देते. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सोलापुरातल्या एका शेतकी वेधशाळेत मी ३१ वर्षं निरीक्षक होते. सकाळी सातला आणि दुपारी दोनला तापमापकं वाचायची, पर्जन्यमापक बघायचं, आणि जाळीखालच्या पसरट पात्रातलं पाणी कालच्यापेक्षा किती उतरलं ते टिपायचं, हे काम. मे महिन्यात ते पाणी दिवसाला १२-१३ मिलिमीटर उतरायचं, झडीच्या दिवसांत दोन-तीन. आभाळ जमिनीकडून रोज किती मागतं, ते त्या पात्रात दिसायचं. जमीन त्यातलं किती देते, यावर बहुतेक पत्रं आहेत.

ताई, आम्ही पूर्व भागात पत्र्याच्या घरात राहतो. सावली पत्र्याचीही आहे. मग दुपारी घरात जीव घाबरा होतो आणि कारखान्यासमोरच्या कडुलिंबाखाली बरं वाटतं, असं का? मनाचे खेळ का?
*— यंत्रमाग कामगार, सोलापूर*

मनाचे खेळ अजिबात नाहीत. ऊन पत्र्यावर आणि पानावर सारखंच पडतं. पुढं त्याचं काय होतं, तिथं सगळा फरक आहे. थोडं ऊन परत आभाळाकडे फिरतं, थोडं आत मुरतं. उरलेल्याला दोनच वाटा असतात: हवा तापवायची, नाहीतर पाण्याची वाफ करायची. पत्र्यात पाणी नाही, त्यामुळे दुसरी वाट बंद. तो तापतो, आणि डोक्यावर शेगडी धरावी तशी त्याची धग खाली बसलेल्या माणसावर येते.

लिंबाच्या पानाला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला झाड ती उघडतं, आणि उघडली की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. जाताना उष्णता घेऊन जातं, आणि ती किती, याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. लिटरभर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सात-आठ पट उष्णता तेच पाणी पुरतं आटवायला लागते. चुलीवर पातेलं ठेवणारीला हे ठाऊक असतं: उकळी लवकर येते, पाणी आटायला मात्र वेळ लागतो. मुळाशी ओल असलेलं मोठं झाड दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडू शकतं. हिशेब केला तर एक टनाचा एसी १९-२० तास चालून जेवढी उष्णता खोलीबाहेर काढेल, तेवढी उष्णता त्या झाडानं वाफेत बांधली. शिवाय त्याची पानं एकावर एक, मधून वारा खेळता. त्यामुळे पानाचं तापमान हवेच्या आसपासच राहतं आणि पत्र्यासारखी आच खाली येत नाही.

एका मे महिन्यातली नोंद मला अजून पाठ आहे. दुपारी दोनला उघड्या काळ्या रानात, पाच सेंटिमीटर खोल, माती ४८ अंशांवर होती. तिथून तीस पावलांवर लिंबाखाली, तेवढ्याच खोलीवर, ३४. त्या दिवशी दोन वेळा जाऊन पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसेना.

लिंब उन्हाळ्यात हिरवा राहतो तो खोल मुळांमुळे. तरीही भर दुपारी तो रंध्रं बरीचशी मिटून घेतो, पाणी राखतो. म्हणून सगळं श्रेय वाफेला देऊ नका, सावलीचंही मोठं आहे. तुमच्यासाठी लगेच करण्यासारखं एक आहे: पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या. पांढऱ्यावरून बरंच ऊन परत फिरतं, आत येतच नाही. दर उन्हाळ्याच्या तोंडी तो पुन्हा द्यावा लागतो, पण पोरं दुपारी घरात झोपू शकतात.

आमच्या गावात चार वर्षांत हजारो झाडं लावली. ‘झाडं लावा, पाऊस येईल’ असं प्रत्येक भाषणात ऐकलं. पाऊस काही वाढला नाही. आम्हाला फसवलं का?
*— शेतकरी वाचक, मोहोळ*

दादा, तुमचा राग मला समजतो, आणि अर्धवट सांगून लोकांना कामाला लावणं मलाही पटत नाही. म्हणून नीट सांगते.

आपला पाऊस मुळात समुद्रावरून येतो. सह्याद्री चढताना ढग रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटर, आणि डोंगर उतरून आपल्यापर्यंत येईतो सहाशे-सातशे मिळाले तरी वर्ष चांगलं म्हणायचं. आपण पर्जन्यछायेत आहोत. गावच्या गायरानावर पाच-दहा हजार झाडं लावून ही छाया हलत नाही. ढग काही गावाची शीव बघून थांबत नाही. तुमच्या झाडांनी सोडलेली वाफ वाऱ्याबरोबर पन्नास-शंभर कोसांवर जाऊन कुठंतरी पडेल, किंवा पडणारही नाही.

पण म्हणून जमिनीचा पावसाशी संबंधच नाही, असंही नाही. जगभरात जमिनीवर जेवढा पाऊस पडतो, त्यातला सुमारे ६० टक्के भाग माती आणि झाडं मिळून परत हवेत पाठवतात. ॲमेझॉनच्या जंगलात १९७०च्या दशकात एनेआस सलाती या ब्राझीलच्या शास्त्रज्ञानं पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मोजलं. त्यावरून दिसलं, की समुद्रावरून आलेलं तेच पाणी आत जाता जाता पुन्हा पुन्हा पडतं आणि पुन्हा वर जातं. जंगल पाऊस नुसता घेत नाही, पुढच्या जंगलाकडे पोचवतं.

आपल्या देशाबद्दलही ठोस काम आहे. २००४ मध्ये रँडल कोस्टर आणि सहकाऱ्यांनी हवामानाची डझनभर संगणकी प्रारूपं एकत्र चालवून पाहिलं, की जमिनीतल्या ओलीचा पावसावर सर्वांत जास्त परिणाम पृथ्वीवर कुठं होतो. जी मोजकी ठिकाणं निघाली, त्यात अमेरिकेची मधली मैदानं, आफ्रिकेतला साहेल आणि भारत. म्हणजे खूप ओला प्रदेशही नाही आणि पुरतं वाळवंटही नाही, अशी अधलीमधली जमीन. मला ते वाचून आपलं सोलापूर आठवलं. फार कोरड्या जमिनीकडे द्यायला पाणी नसतं, फार ओल्या प्रदेशात हवेला ते नको असतं. मधल्या जमिनीत थोडी ओल कमीजास्त झाली की हवेला लगेच कळतं.

२०१६ मध्ये आयआयटी मुंबईच्या गटानं दाखवलं, की जंगल काढून शेती केली की वाफ घटते, आणि त्यामुळे गंगेच्या खोऱ्यात व ईशान्येकडे मान्सूनचा पाऊस क्षीण होतो. खोल मुळं गेली, उथळ मुळं आली, एवढ्याचा हा परिणाम. मान्सूनच्या उत्तरार्धात जमिनीवरून गेलेल्या वाफेचा पावसातला वाटा वाढतो, हेही त्या भागात अभ्यासलं गेलं आहे. आपला तर सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरातच. उत्तरा-हस्ताचे ते दुपारून चढणारे, गडगडणारे ढग. जून-जुलैचा पाऊस रानात मुरला असेल तर त्या ढगांना खालून थोडा आधार मिळतो, असं मानायला जागा आहे.

तेव्हा गोष्ट खरी आहे, पण ती राज्याएवढ्या, खोऱ्याएवढ्या प्रदेशाची आहे. तुमच्या झाडांनी पाऊस आणला नाही. त्यांनी पडलेला पाऊस मुरवला का, ते विचारा. यंदा पहिल्या मोठ्या पावसानंतर गायरानाखालच्या ओढ्याचं पाणी गढूळ होतं की नितळ, आणि किती दिवस वाहत होतं, एवढं लिहून ठेवा. चार वर्षांपूर्वीचं आठवणारी म्हातारी माणसं गावात असतीलच.

आमच्याकडे उजनी धरणाचं पाणी आल्यावर सगळीकडे ऊस झाला. सासूबाई म्हणतात, पूर्वी उन्हाळ्यात रात्री अंगणात गार वारा लागायचा, आता नुसता घाम. खरंच बदललं का?
*— गृहिणी, माढा*

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं अंग तापमापकासारखं बोलतंय.

वेधशाळेच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापकं शेजारी शेजारी असतात. एक साधं, दुसऱ्याच्या टोकाला मलमलीचं ओलं फडकं. हवा कोरडी असेल तर फडक्यातलं पाणी भराभर उडतं आणि ते तापमापक खूप खाली उतरतं. मेच्या दुपारी साधं ४२ आणि ओलं २२, असा वीस अंशांचा फरक मी कितीदा लिहिला असेल. उसाच्या फडात तेच नेऊन वाचलं तर साधं ३६ दाखवतं, ओलं २७. म्हणजे ऊन पाणी उडवण्यात खर्च झालं, हवा सहा अंशांनी कमी तापली. पण आपला घामही त्या फडक्यातल्या पाण्यासारखाच. हवा आधीच ओली असेल तर तो उडत नाही, अंगावरच राहतो. तापमान कमी आणि तगमग जास्त, असं त्यामुळे होतं.

रात्रीचं कारण वेगळं. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडते. कोरड्या, निरभ्र हवेत ती सरळ निघून जाते, म्हणून माळावरच्या रात्री गार. हवेतली वाफ ही उष्णता अडवते आणि काही परत खाली पाठवते, गोधडीसारखी. सासूबाईंच्या तरुणपणी माढ्याभोवती ज्वारीची सडं आणि उघडं रान असेल. उजनी १९८० मध्ये पुरं झालं, त्यानंतर ऊस आला, आणि ऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी मागतो, आपल्या पावसाच्या तिप्पट. त्यातलं बहुतेक हवेतच जातं. त्यात सगळ्या पृथ्वीचं तापमान वाढतंय, तेही रात्रींत दिसतं. सगळा दोष उसावर टाकू नये.

उपग्रहांतून पाहिलं तर २००० ते २०१७ या काळात भारत जास्त हिरवा झाला, असं २०१९च्या एका अभ्यासात आहे. पण ती वाढ ८२ टक्के पिकांची. जंगलाचा वाटा अगदी थोडा. हिरवा रंग बघून आपण खूश होतो तेव्हा तो रंग कुणाच्या पाण्यावर उभा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भूजल उपसून केलेला गारवा विहिरीला पाणी आहे तोवरच टिकतो.

आजी, पहिल्या पावसाचा वास कुठून येतो? बाई म्हणाल्या मातीचा. पण कोरडी माती हुंगली तर वास येत नाही.
*— इयत्ता सहावी, बार्शी*

तू माती हुंगून पाहिलीस, शाब्बास! मातीत फार बारीक जीव राहतात. त्यातले काही ‘जिओस्मिन’ नावाचा पदार्थ बनवतात, आणि आपलं नाक तो अगदी कणभर असला तरी ओळखतं. उन्हाळाभर झाडांची तेलंही मातीच्या कणांवर साठतात. थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याखाली हवा अडकते, तिचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि अत्यंत सूक्ष्म तुषार उडतात. त्यांवर बसून वास वाऱ्याबरोबर निघतो, म्हणून पाऊस शेजारच्या गावात असला तरी तुला आधी कळतं. या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी दिलं. आता काचेवर मातीचं ढेकूळ ठेव, ड्रॉपरनं एक थेंब टाक आणि भिंगातून बघ. थेंब जोरात पडला की वास कमी येतो की जास्त, ते मला कळव.

२०१८-१९ मध्ये आपल्यावरून विमानं फिरून ढगांत काही फवारत होती. त्याचं पुढं काय झालं?
*— निवृत्त शिक्षक, सोलापूर*

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा तो प्रयोग होता. पर्जन्यछायेतलं म्हणून सोलापूर निवडलं. विमानाच्या पंखांवरच्या नळकांड्या पेटवून कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगाच्या तळाशी सोडत. ते ओल शोषून मोठे होतात आणि बारीक थेंबांना गोळा करतात. वाऱ्याच्या दिशेनं सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात पाऊस सरासरी १८ टक्के वाढला, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्यासाठी ढग आधी असावा लागतो, तोही योग्य जातीचा. निरभ्र आभाळातून पाऊस काढण्याची युक्ती ही नव्हे.

नान्नजच्या माळावर नुसतं गवत आहे. इतकी जागा पडीक ठेवण्यापेक्षा दाट झाडी केली तर कार्बनही शोषला जाईल आणि गारवाही येईल. तुमचं मत?
*— महाविद्यालयीन विद्यार्थी, उत्तर सोलापूर*

माझं मत स्पष्ट आहे: करू नका. आणि आधी ‘पडीक’ हा शब्द सोडा.

तुम्ही सप्टेंबरअखेर पहाटे तिथं जा. कुसळी, पवन्या, मारवेल गुडघ्याला लागतं, काळविटांचा कळप दिसतो. माळढोकासाठी १९७९ मध्ये हे अभयारण्य झालं, आणि आज तो पक्षी दिसणं दुर्मीळ झालंय. त्याला दूरवर दिसेल असं मोकळं रान लागतं. झाडी त्याच्या कामाची नाही.

आता कार्बन. माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा जमिनीवरच्या वनस्पती आणि माती घेतात, हे खरं. पृथ्वीचा हा श्वास मोजताही येतो: हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची नोंद आहे, आणि दर वर्षी उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की आकडा उतरतो, पानं झडून कुजली की चढतो. चढ-उतार सुरूच आहे, पण पायरी दर वर्षी वर सरकते. तेव्हा ३१५ होती, आता दशलक्ष भागांत ४२० च्या वर. मात्र कार्बन फक्त खोडात असतो, हा समज चुकीचा. जगाच्या मातीत हवेपेक्षा जास्त कार्बन आहे. गवत आपला बराचसा साठा मुळांत, जमिनीखाली ठेवतं. वणवा आला तर झाडाचा साठा धुरात जातो, गवताचा बहुतांशी खाली सुरक्षित राहतो आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटवे येतात. खड्डे खणून, यंत्रं फिरवून माळ उलटापालटा केला तर तोच साठा उघडा पडतो.

गारव्याचं तर उलटंही होतं. इस्रायलमध्ये नेगेव्हच्या कडेला यातीर नावाचं पाइनचं जंगल १९६०च्या दशकापासून लावलं गेलं. पाऊस २८० मिलिमीटर. भोवतालची फिकी जमीन बरंच ऊन परतवत होती. गडद झाडांनी ते शोषून घेतलं. २०१० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की ही जादा उष्णता कार्बन शोषून भरून काढायला त्या जंगलाला कित्येक दशकं लागतात. सोलापूरला तिथल्यापेक्षा पाऊस जास्त आहे, आकडे तसेच्या तसे लागू नाहीत. पण उन्हाळ्यात आपलं वाळकं गवतही फिकं असतं, आणि आपल्याकडेही वाफ करायला पाणी मोजकंच. केरळात जे झाड गारवा देईल, ते माळावर देईलच असं नाही.

झाडं लावायची हौस असेल तर शहर पडलंय की. पूर्व भागातल्या त्या पत्र्याच्या घरांच्या ओळींना लिंब द्या. मी स्वतः रोपं घेऊन येते.

आमची मालदांडी ज्वारी दहिवरावर येते असं वडील सांगायचे. खरंच दहिवरावर पीक येतं का?
*— शेतकरी, मंगळवेढा*

वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे, प्रमाण मात्र वेगळं. चांगल्या दहिवराच्या रात्री जास्तीत जास्त अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पाणी पानांवर जमतं, एरवी त्याहून कमी. ज्वारीला हंगामात तीनशे मिलिमीटरच्या पुढं लागतं. तेव्हा पीक उभं राहतं ते तुमच्या काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला देण्याजोगं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी धरते. दहिवराचं काम वेगळं. सकाळी पान ओलं असतं, तोवर सूर्य ते पाणी उडवण्यात गुंततो आणि पानाच्या आतलं पाणी तेवढा वेळ वाचतं. दीड-दोन तासांची ही सवलत रोज मिळते, थंडीभर.

तुमच्या हातात आहे ती मातीची बाजू. काळी जमीन वाळली की आकसते, भेगा पडतात, आणि भेग म्हणजे खालच्या ओलीला आभाळाकडे उघडलेलं दार. आभाळ जे मागत असतं, ते त्या दारातून जातं. म्हणून कोळपणी: पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, पाचव्यात, आणि आठव्यात दातेरी कोळप्यानं. वरची दोन बोटं माती भुसभुशीत होते, भेग बुजते, खालचं पाणी वर चढण्याची वाट तुटते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं आपल्याकडे म्हणतात, ते याचसाठी.

तिसरी कोळपणी बरेच जण मजुरीपायी सोडतात. जमलं तर या वर्षी अर्ध्या एकरात ती करा, शेजारच्या अर्ध्यात करू नका. जानेवारीत दोन्हीकडच्या भेगांत तुरीची एक सरळ काडी सोडा आणि किती आत जाते ते बोटांनी मोजून मला लिहा. मी एकदा आमच्या प्रक्षेत्रावर सोडली होती, कोपराच्या वरपर्यंत गेली आणि वर ओढली तर टोकाला ओली माती लागलेली होती.